व्हिएन्नातला हॉल्ट

मी भित्री आहे. बुलढाण्यात आमच्या गल्लीत कोणालाही विचारा. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी भर रस्त्यात रिक्षातून उतरून घरी परत आले आहे. राजूर घाटात गाडी वळायला लागली की अजूनही डोळे मिटून घेते. आणि माझं लग्न कोणाशी व्हावं, तर तोच घाट सगळी नोकरी गाणी म्हणत उतरणाऱ्या माणसाशी. माझे मालक शकूर एसटीत ड्रायव्हर होते. आता रिटायर झालेत. ते मला हँडब्रेक म्हणतात, आणि तेही चारचौघांत.

त्या दिवशी त्यांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी समताच्या भिंतीला टेकून परातीत मेथी निवडत होते. समता आमची शेजारीण, इंग्लिश शाळेत बालवाडीच्या मुलांना शिकवते. तिच्या घरचं वायफाय आमच्या अंगणात फक्त त्या भिंतीपाशी पोचतं. त्यामुळे हे परदेशी गेल्यापासून माझं निवडणं-टिपणं, चहा, नमाजानंतरचं बसणं, सगळं त्या भिंतीला धरूनच चाललं होतं. आमचा फहीम जर्मनीत नोकरीला आहे. त्याला मुलगी झाली, म्हणून हे नातीला बघायला गेले. माझंही तिकीट काढायला निघाला होता पोरगा. पण विमानात बसायची माझी हिंमत नाही. मी गेले नाही. नात फोनमध्ये बघितली आणि पदराने डोळे पुसले.

परतीच्या वाटेवर व्हिएन्ना नावाच्या गावी विमान बदलायचं होतं आणि मध्ये अख्खी दुपार रिकामी होती. "अब्बा, एअरपोर्टवरच बसा," असं फहीमने बजावलं होतं. मीही बजावलं होतं. फोन उघडला तर एअरपोर्टचा पत्ता नाही. दगडी रस्ता, मागे उंच उंच जुन्या इमारती, आणि समोरून चक्क घोडागाडी चाललेली.

"ओ, हे कुठं आहे तुम्ही?"

"गावात आलो. ट्रेननं. पाह्य, टांगा पाह्य! आपल्या मलकापूर स्टेशनवर राह्यत होते ना, तसा. फक्त घोडे खाऊन पिऊन हाय इथचे."

"विमान सुटलं म्हंजे? परत जा अगोदर!"

"अवं, टाइम हाय. हॉल्ट हाय हा आपला. गाव एवढ्या जवळ असून खुर्चीवर बसून राहू का?"

आता हे हॉल्टचं प्रकरण सांगायला हवं. एसटीच्या ड्रायव्हरला गावं मिळतात ती तुकड्यातुकड्याने. गाडी स्टँडात लागली, कंडक्टर कागदपत्रं करायला गेला, की मधला जो काही वेळ मिळेल तेवढंच गाव त्याचं. शकूरनी अशा हॉल्टांवर पैठण, बऱ्हाणपूर, अमरावती, कुठलं कुठलं पाहून घेतलं. त्यांची रीत ठरलेली. चहावाल्याला विचारायचं, इथं सगळ्यात जुनं काय आहे? तिथं सरळ चालत जायचं. एकदा बाहेरून बघायचं, एकदा आतून. तिथलं काहीतरी एक खायचं. विकत काही घ्यायचं नाही, आणि गाडी सुटायच्या आत सीटवर. लोक आठवडा राहून जे बघत नाहीत ते आपण तेवढ्यात बघतो, अशी त्यांची घमेंड.

फॅमिली पासवर मीही कधी कधी बरोबर असायची. माझं काम एकच, बुटांपाशी बसणं. सैलानीच्या यात्रेत एकदा दर्ग्याबाहेरून त्यांचे नवेकोरे बूट गेले आणि त्यांना बुलढाण्यापर्यंत अनवाणी पायाने गाडी हाणावी लागली. तेव्हापासून कायदाच झाला. मशीद असो, दर्गा असो, लोणारचं देऊळ असो, नसीमा बाहेर बूट आणि पिशवी सांभाळणार. मला गर्दीत गुदमरतं, म्हणून माझीही तक्रार नव्हती. हिंदुस्थानातल्या कितीतरी नामांकित जागा मी फक्त चपलांच्या बाजूने पाहिल्या आहेत.

तर असे हे व्हिएन्नात फिरत होते आणि मला फोनमधून फिरवत होते. लाल ट्राम दाखवली. बेकरीतला एक गोड तुकडा खाल्ला आणि "आपला खाजा बरा," म्हणाले. फहीमचं जाडजूड जाकीट अंगावर, डोक्यावर गोल टोपी, छातीवर पांढरी दाढी, आणि खांद्याला ती काळी रेक्झिनची बॅग. ड्युटीवरची जुनी बॅग, चेन तुटलेली म्हणून सुतळीने आवळलेली. सुनेने नवी दिली तर तिच्यात कपडे भरून सामानात टाकली आणि हातात हीच घेतली.

शेवटी एका मोठ्या थोरल्या चर्चसमोर येऊन थांबले. वर बघता बघता त्यांची टोपी पडायला आली.

"नसीमा, हे भल्लंच जुनं हाय. आत जाऊन येतो."

दारावर एक पाटी होती. चित्रं काढलेली, त्यांवर लाल काट. आइस्क्रीम नको, फोन नको, मोठी बॅग नको. शकूरनी ती पाटी मलाही नीट दाखवली. सगळा जन्म नियमाने गाडी चालवलेला माणूस. मग समोरच्या दिव्याच्या खांबापाशी गेले, बॅग खाली ठेवली, आणि बसून बूट काढायला लागले.

"बूट काऊन काढता? तिथं सगळे घालून जाऊन राह्यले."

"जाऊ दे त्याइले. खुदाच्या घरात मी नाई जात बूट घालून." बूट जोडीने बॅगपुढे ठेवले. फोन बॅगेला टेकवला. "तुले दरवाजाही दिसते, बूटही दिसते. ध्यान ठेव. आलोच मी."

"अहो, मी बुलढाण्यात आहे!"

"मंग? इतके वर्षं सांभाळले, आजच काय झालं?" असं म्हणून, मोज्यांवर, माझा माणूस आत गेला.

मला हसू आलं, हे खरं सांगते. समताला हाक मारून सांगितलं, की बघ, युरोपात जाऊन सुद्धा माझी ड्युटी चुकली नाही. ती भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होती, तीही हसली. मी फोन भिंतीच्या कोनाड्यात उभा केला आणि मेथी निवडता निवडता बूट बघत बसले. लोकांचे पाय जात होते, येत होते. एक कबूतर बुटात डोकावून गेलं. एका लहान मुलीने फोनमध्ये मला पाहिलं आणि हात हलवला. मीही हलवला. तिच्या आईने वाकून बघितलं. आधी मला, मग सुतळीने आवळलेल्या बॅगेला. इकडे तिकडे बघून तिने काहीतरी विचारलं. मला काय कळणार? मी सलाम केला. तिने मुलीचा दंड धरला आणि भराभर चालायला लागली.

मला वाटलं, उद्धट आहे बाई.

थोड्या वेळाने निळ्या कपड्यांतला एक माणूस आला. लांबूनच बॅग बघितली, जवळ आला नाही. खांद्याच्या यंत्रात बोलला आणि मागे सरकला. त्यानंतर पाय कमी व्हायला लागले. घोडागाड्या गेल्या. शिट्टी ऐकू आली. मग कोणाचेच पाय दिसेनात. एवढा मोठा चौक, मघाशी पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आता मध्ये फक्त दोन बूट. लांब कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. दोन माणसं पट्टी बांधत होती, लाल-पांढरी, या खांबापासून त्या खांबापर्यंत.

माझ्या हातातली काडी हातातच राहिली.

"समता," मी हाक मारली.  पुन्हा मारली. ती भिंतीवरून डोकावली, फोनकडे बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"चाची, ही बॅग चाचांची आहे?"

"हाव."

"बेवारस बॅग समजून राह्यले ते. बॉम्ब हाय असं वाटून राह्यलं त्याइले. आणि वरतून फोन लागलेला, चालू."

मी टीव्ही बघते. मला पुढचं कोणी समजवायला नको होतं. पांढरी दाढी, गोल टोपी, शकूर नाव, परकं गाव आणि सुतळी बांधलेली काळी बॅग. बॅगेत काय होतं? सुनेने दिलेले पराठे, स्टीलचा डबा, चार्जरची वायर, नातीचं एक लहानसं टोपडं माझ्यासाठी. मला ठाऊक होतं. त्या अख्ख्या चौकात हे ठाऊक असलेली मी एकटी होते, आणि मी मेथीच्या ढिगाऱ्यासमोर बसले होते, हजारो मैलांवर.  

"फहीमले लाव फोन," मी म्हटलं.

समताने लावला. तो उचलेना. कामावर असताना फोन कपाटात ठेवतो तो. पुन्हा लावला. पुन्हा नाही.

"चाची, कॉल कट करू का? फोन बंद झाला तर बरं राहीन का?"

"नको! मंग मले काही दिसणारच नाई." मी कोनाड्यातल्या फोनपुढे हात आडवा धरला.

खरी भीती मला बॅगेची नव्हती. बॅग उडवली असती तरी मी पराठ्यांना रडणार नव्हते. भीती त्या दाराची होती. कधीतरी ते दार उघडणार होतं आणि शकूर बाहेर येणार होते. बाहेर येऊन चौक रिकामा दिसला, तर ते काय करतील ते मला माहीत होतं. सरळ बॅगेकडे येतील. पोलीस ओरडतील ते जर्मनमध्ये, यांना एक अक्षर कळायचं नाही. दुसऱ्या कोणाला ओरडताहेत असं समजतील, आणि चालत राहतील, कारण बुटांपाशी मी बसले आहे. मला तिथं टाकून ते कुठं जाणार? माझ्याच दिशेने चालत येताना त्यांना गोळी लागेल, आणि मला ती दिसेल. या अल्लाह, मी म्हणत होते, या अल्लाह, त्यांना आतच ठेव.

पडद्यावर आता एक माणूस आला, जाड गादी गुंडाळावी तसा पोशाख केलेला, डोक्यावर मोठी काच. पाय मोजून मापून टाकत होता.

"मी बोलते इंग्लिशमध्ये," समता म्हणाली आणि भिंतीवरून अर्धी अलीकडे वाकली.  वर्गात मुलांना गप्प करते त्या आवाजात ती ओरडली, "सर! हॅलो सर! नो बॉम्ब! ओन्ली शूज! नो बॉम्ब!"

एवढ्या सगळ्यातून त्यांना नेमका तोच एक शब्द कळला असावा. गादीवाला जागच्या जागी थिजला आणि मग उलट पावली मागे गेला. कोणीतरी मोठ्याने हुकूम दिला. पट्टीमागची माणसं पोलिसांच्या गाड्यांच्या आड बसली. आता मला नळ्या दिसल्या. बंदुकीच्या नळ्या, सगळ्या माझ्याकडे.

"काय केलं हे मी," समता म्हणाली आणि रडायला लागली.

आणि तेव्हाच चर्चचं दार उघडलं. मोठं नाही, बाजूचं लहान दार. शकूर बाहेर आले.

टोपी डोक्यावर, मोजे पायात, थंडी म्हणून दोन्ही हात फहीमच्या जाकिटाच्या खिशात खोल खुपसलेले. उजेडात डोळे बारीक केले. बॅगेकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि हसले. खूप छान काही बघून आल्यावर हसतात तसे. आणि चालायला लागले.

चारी बाजूंनी ओरडा झाला. त्यांनी एकदा मान वळवली, मागे कोणी आहे का बघितलं, आणि येतच राहिले.

"थांबा!" मी किंचाळले. "ओ, थांबा! पुढं येऊ नका! थांबा!"

त्यांना ऐकू गेलं. रस्त्यावरच्या गोंगाटासाठी त्यांनी फोनचा आवाज फुल करून ठेवला होता. ऐकू गेलं आणि ते आणखीच हसले. मान हलवली. मला कळलं, ते मनात म्हणताहेत, हँडब्रेक! सगळा संसारभर मी त्यांना थांबा म्हणत आले. घाटात म्हटलं, पावसात म्हटलं, रस्ता ओलांडताना म्हटलं, आणि एकदाही त्या शब्दाने हा माणूस थांबला नाही. आता मी खरोखर थांबा म्हणत होते आणि त्यांच्या चालीत काडीचा फरक पडला नाही. उलट पावलं भरभर पडायला लागली. आली असेल बाई रागाला, चला लवकर. हात अजून खिशात.

एका पोलिसाने गुडघा टेकला आणि बंदूक खांद्याला लावली.

मग मला जे सुचलं ते डोक्याने नाही सुचलं. एसटीत कंडक्टर दोरी ओढतो. घंटी एकदा वाजली की गाडी थांबवायची, दोनदा वाजली की सोडायची. शकूरची सगळी नोकरी या दोन आवाजांवर गेली. रिटायर झाले तरी घरात भांडं पडून ठण्ण झालं की हे बसल्या खुर्चीत उजवा पाय जमिनीत दाबतात आणि दोन्ही हात पुढे धरतात. फहीम लहानपणी त्यांना चिडवायला मुद्दाम ताट आपटायचा.

मी परात उपडी केली. मेथी अंगणभर झाली. पाण्याचा तांब्या उचलला, परात फोनसमोर धरली आणि तांब्या आपटला. जीव खाऊन आपटला, पण एकदाच.

ठण्ण.

शकूर थांबले. उचललेला उजवा पाय जमिनीवर दाबून बसला, आणि दोन्ही हात खिशातून बाहेर आले. समोर स्टिअरिंग असावं तसे, बोटं उघडी, रिकामी, सगळ्यांना दिसतील अशी. चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिथेच, त्या रिकाम्या चौकात, माझा माणूस मोज्यांवर उभा राहिला आणि हलला नाही.

आता त्यांनी आजूबाजूला बघितलं. बंदुका बघितल्या. त्यांचे ओठ हलले, मला वाटतं कलमा म्हणत होते. मागून दोघे धावत आले, त्यांना खाली बसवलं, मग आडवं केलं, हात पाठीवर धरले. त्यांचा गाल दगडावर टेकलेला मी बघितला. मला परात हातातून ठेवायचं भान नव्हतं. ती पुन्हा पडू नये, आवाज होऊ नये, म्हणून मी ती छातीशी धरून बसले आणि रडत राहिले.

नंतरचं सगळं हळूहळू झालं. कुत्रं आणलं, त्याने बॅग हुंगली आणि पराठ्यांपाशी शेपटी हलवली. एका पोलीसबाईने फोन उचलला आणि तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला. तरुण होती. तिच्या कपाळावर घाम होता. तीही घाबरली होती, हे मला तेव्हा दिसलं. समताने रडत रडत, पण आता सावकाश, सांगितलं की अंकल आत गेले, बूट बाहेर ठेवले, आंटी बूट सांभाळतात. आंटी इंडियात आहेत. त्या बाईने दोनदा विचारलं. मग तिने शकूरकडे, बुटांकडे, माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर हात धरला. हसली की काय कोण जाणे. बॅग अशी सोडायची नाही म्हणून यांना बरंच रागावली, यांनी प्रत्येक शब्दाला मान डोलावली. पासपोर्ट बघितला, विमानाचं तिकीट बघितलं, घड्याळ दाखवलं. निघा, विमान चुकेल, म्हणत असणार. आणि फोन त्यांच्या हातात दिला.

शकूर खांबापाशी बसले होते. बूट पायात होते, पण नाड्या सुटलेल्या. बांधता येत नव्हत्या. गालावर दगडाची माती होती. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. घाटात ब्रेक गेला होता एकदा, तेव्हाही नाही. 

"नसीमा."

"हाव. मी आहे. इथंच आहे."

"मले उठता येऊन नाई राह्यलं."

"लागलं का कुठं?"

"नाई. पाय उचलत नाई. लोक पाहून राह्यले." ते बारीक आवाजात म्हणाले. "त्याइच्या मधून जाऊ नाई वाटत मले. तू सांग, मी काय करू?"

पट्टी काढली होती. चौक पुन्हा भरत होता. लोक लांबून त्यांच्याकडे बघत होते, कोणी फोन रोखून.  माझ्या स्वभावाप्रमाणे मी म्हटलं असतं, बसा तिथंच, हलू नका, फहीम येईल घ्यायला. तोंडावर आलं होतं. पण विमान सुटणार होतं, आणि ते ज्या गाडीत बसणार होते ती त्यांना माझ्याकडे आणून सोडणार होती.

समताने परात धरली. मी तांब्या उचलला.

ठण्ण, ठण्ण.

शकूर हसले नाहीत. त्यांनी बॅग छातीशी घेतली, नाड्या तशाच लोंबत ठेवल्या, आणि उठले.